हणमंतरावांचा रूट

बेळ्ळंदूरच्या ऑफिसातल्या कॅन्टीनमध्ये हर्षिता आपल्या वडिलांबद्दल चार ओळी लिहीत होती आणि समोर बसलेला वेदांत त्या एकेक करून खोडत होता.

"'अतिशय प्रेमळ आणि मनमिळाऊ' हे काढ," तो म्हणाला. "गेल्यावर सगळ्यांचेच वडील मनमिळाऊ होतात. त्याच्यावर कोणी पैसे देणार नाही. काहीतरी स्पेसिफिक सांग."

वेदांत तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला, तिच्याच टीममधला. अशा कामात त्याला गती आहे असं त्याचं स्वतःचं मत होतं. हर्षिताचं घर बसवनगुडीत. तिचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्या होतं की 'तुम्ही मूळचे कुठले' या प्रश्नाला घरातली माणसं 'इथलेच' एवढंच सांगून मोकळी होत.

तिचे वडील हणमंतराव, घरातले अण्णा, गेल्या वर्षी गेले. शेवटचे चार महिने ते अंथरुणाला खिळून होते, आणि एका छोट्या संस्थेने डोक्याकडून वर उचलता येणारी एक खाट त्यांना वापरायला दिली होती. त्या खाटेमुळे अण्णांना बसून पेज पिता आली, खिडकीतून रस्ता बघता आला. हर्षिता खाट परत करायला गेली तेव्हा तिला कळलं की त्या खाटेसाठी चाळीस घरं रांगेत आहेत आणि संस्थेकडे खाटा सहाच. तिने तिथल्या तिथे ठरवलं, डिसेंबरातल्या बारा तासांच्या शर्यतीत उतरायचं. स्टेडियमच्या ट्रॅकवर सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, जमेल तितकं धावायचं, आणि त्या निमित्ताने अण्णांच्या नावाने दहा खाटांचे पैसे उभे करायचे.

"धावायचंच का? गाण्याचा कार्यक्रम का नाही?" वेदांतने विचारलं.

"अण्णा धावायचे ना. रोज. पहाटे साडेपाचला बूट घालून बाहेर पडायचे ते सातला घामाघूम होऊन परत. एकतीस वर्षं. माझं पळणं त्यांच्यावरूनच."

वेदांतने चमचा खाली ठेवला. "आणि तू मनमिळाऊ लिहीत बसलीयेस?"

त्याने फोनवर हिशोब मांडला. दीड तास म्हणजे कमीत कमी सहा किलोमीटर. वर्षातले पस्तीस दिवस पावसाचे आणि आजारपणाचे वजा. गुणिले एकतीस. आलं एकसष्ट हजार तीनशे ऐंशी.

"पृथ्वीचा घेर चाळीस हजार," तो हळू आवाजात म्हणाला. "हर्षिता, तुझ्या बाबांनी पृथ्वीला दीड फेरी मारलीये."

हर्षिताने अण्णांकडे या दृष्टीने कधी पाहिलं नव्हतं. तिला भरून आलं. त्याच दुपारी 'पृथ्वीला दीड फेरी मारणारा हेडक्लार्क' या मथळ्याखाली, अण्णांच्या ऑफिसच्या ओळखपत्रावरच्या फोटोसह, आवाहन इंटरनेटवर गेलं.

तिचा अंदाज होता नातेवाईक आणि टीममधले मिळून तीसेक लोक पैसे देतील. पण मथळा लोकांना आवडला. चार दिवसांत ओळखीपाळखी नसलेली माणसं अण्णांबद्दल लिहू लागली. कुणी त्यांचं वाक्य म्हणून काहीतरी इंग्रजी वाक्य फोटोखाली टाकलं, जे अण्णांनी आयुष्यात उच्चारलं नसतं. आणि पाचव्या दिवशी विराटचा फोन आला.

विराट मूळचा नागपूरचा. जयनगर-बसवनगुडीकडच्या एका रनिंग क्लबचा कॅप्टन. बोलताना तो घड्याळाकडे बघत बोलतो असं फोनवरसुद्धा जाणवायचं.

"ताई, आम्ही सात तारखेच्या रविवारी मेमोरियल रन करून राहिलो काकांच्या नावानं. दोनशे लोकं पक्के आहेत. प्रत्येक जण तुमच्या पेजवर काही ना काही देणार. टी-शर्ट छापतो, पाठीवर रूटचा मॅप."

"कुठला रूट?"

"काकांचा. 'हणमंतराव रूट.' तोच तर विचारून राहिलो मी. कोणत्या रस्त्यानं जायचे?"

हर्षिताने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला माहीत नाही. एकतीस वर्षं फाटक उघडल्याचा आवाज आला होता, फाटक लावल्याचा आवाज आला होता. मधलं काहीच तिच्याकडे नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत कळवते," ती म्हणाली.

आई, म्हणजे सकवारबाई, स्वयंपाकघरात अवरेच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आई, अण्णा पळायला कुठे जायचे?"

"कुठे म्हणजे? बाहेर."

"बाहेर कुठे?"

"मी काय त्यांच्या मागनं जात होते?" सकवारबाईंनी एक शेंग उजेडात धरून पाहिली, किडकी निघाली म्हणून बाजूला टाकली. "लालबागेत जात असतील. सगळे जातात."

दुसऱ्या दिवशी पहाटे हर्षिता अण्णांचा फोटो घेऊन लालबागेत गेली. तिथे रोजचे म्हातारे दगडी बाकांवर आपापल्या जागा धरून होते. चष्मे बदलून सगळ्यांनी फोटो पाहिला. कुणी ओळखेना. एकाला चेहरा ओळखीचा वाटला, पण त्याला आठवला तो बँकेतला कुणी दुसराच निघाला. चौथ्या बाकावरचे गृहस्थ तर दुखावलेच. "मी अठ्ठ्याऐंशी सालापासून इथे आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "इथे कोण पळतं आणि कोण पळत नाही ते मला माहीत आहे. हे पळत नव्हते."

त्यानंतरच्या दिवशी ती कृष्णराव पार्कमध्ये गेली. तिथे एक मंडळ हात वर करून हसण्याचा व्यायाम करत होतं. त्यांनी हसणं थांबवून फोटो पाहिला, नाही म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले. हर्षिताला ते हसणं उगीच लागलं.

ऑफिसात तिने वेदांतला सांगितलं. वेदांत खुर्ची ओढून जवळ आला. त्याचे डोळे चमकत होते.

"मग जायचे कुठे?"

"तेच माहीत नाही."

"रोज दीड तास. एकतीस वर्षं. आणि घरी कोणालाच माहीत नाही." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "म्हणजे दुसरं घरबिर वगैरे तर नाही ना?"

वेदांतला बोलल्याबरोबर वाईट वाटलं, त्याने तिच्यासाठी कॉफी आणली आणि ती पिऊन होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पण विचार डोक्यात बसला तो बसलाच. आतापर्यंत अण्णांचं धावणं म्हणजे अंतर होतं. रस्ताच सापडेना तेव्हा अंतर गेलं आणि नुसता वेळ उरला. आणि कुठे गेला ते माहीत नसलेला वेळ माणसाला फार छळतो. रात्री जेवताना तिने आईकडे नीट पाहिलं. सकवारबाई शांतपणे ताक ओतत होत्या. आईला यातलं काही कळता कामा नये, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

गुरुवारी संध्याकाळी घरी येताना ती कोपऱ्यावर राजलक्ष्मीकडे शेवंती घ्यायला थांबली. राजलक्ष्मीचं फुलांचं दुकान म्हणजे एक पाट आणि दोन टोपल्या. ती पहाटे पाचपासून तिथे बसायची. एवढी जवळची साक्षीदार सोडून आपण लालबागेत काय शोधत होतो, असं हर्षिताला वाटलं.

"राजलक्ष्मी अक्का, अण्णा सकाळी पळत कुठल्या बाजूने जायचे?"

"पळत?" राजलक्ष्मीने गजरा गुंफता गुंफता वर पाहिलं. ती कानडीतच बोलायची, मध्येच तिला आपण मराठी घराशी बोलतोय याची आठवण व्हायची. "पळत नाही, पालखीतून निघालेल्या कस्तुरीरंग देवासारखे सावकाश जायचे. एकेक पाऊल. त्या गल्लीत वळायचे." तिने बोटाने समोरची गल्ली दाखवली. ती मुळात दीडशे पावलांची आणि पुढे बंद.

"आणि परत येताना?"

"हां, येताना पळायचे," राजलक्ष्मी म्हणाली. "इथून तुमच्या फाटकापर्यंत. चांगले पळायचे."

शुक्रवारी पहाटे पावणेसहाला हर्षिता त्या गल्लीत शिरली. सगळी दारं बंद होती. फक्त शेवटच्या दुकानाचं शटर गुडघ्याएवढं वर होतं आणि खालून उजेड येत होता. दुकान आप्पाजींचं, गाद्यांचं. आप्पाजी म्हणजे अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त. लग्नकार्यात यायचे, अण्णा गेले तेव्हा तीन दिवस घरी बसून होते. हर्षिता वाकून आत गेली.

आप्पाजी एका गादीवर पांढरी चादर घालत होते. तिला बघून त्यांचे हात थांबले. मग म्हणाले, "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. काय सांगायचं होतं?"

"बस." त्यांनी चादरीची शेवटची सुरकुती काढली. "तुझे अण्णा इथे झोपायचे."

हर्षिता बसली.

"ब्याण्णव साली त्यांना साखर निघाली," आप्पाजींनी सांगायला सुरुवात केली. "डॉक्टर म्हणाले, रोज पळा. तुझ्या आईने बूट आणले, पाचला उठवलं, बाहेर काढलं. पहिल्या दिवशी इथपर्यंत आले आणि पायरीवर बसले. म्हणाले, आप्पा, मरतो आता. मी म्हटलं, स्वल्प पडा. पडले ते सातला उठले. तेवढी झोप मला उभ्या जन्मात लागली नाही बघ."

"आणि मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशीपण तसंच. म्हटलं, चार दिवस होतील, मग पळतील. पण महिन्याने साखर तपासली तर उतरलेली. डॉक्टर खूश. म्हणाले, हणमंतराव, पळणं सोडू नका."

हर्षिताला हसावं की काय ते कळेना. "मग आईला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? ती गल्लीभर सांगून बसली होती. माझे मिस्टर पळून साखर खाली आणतात म्हणून. हणमंतू म्हणाला, आप्पा, ती एवढी खूश आहे, आता मागे फिरता येत नाही. घाम काय, आत कापसाच्या खोलीत दहा मिनिटं उभं राहिलं की येतो."

"आणि आता ही चादर कुणासाठी?"

आप्पाजी जरा ओशाळले. "आता मी झोपतो. जागा रिकामी ठेववत नाही."

बाहेर आली तेव्हा हर्षिताला एकदम हलकं वाटत होतं. दुसरं घर नव्हतं. गादी होती. मग कोपऱ्यावर येईपर्यंत तिला दोनशे टी-शर्ट आठवले, एकसष्ट हजार तीनशे ऐंशी किलोमीटर आठवले, आणि पैसे दिलेली सगळी अनोळखी माणसं आठवली. तिने तिथूनच विराटला फोन लावला.

"रूट मिळाला," ती म्हणाली.

"ग्रेट. किती किलोमीटर?"

"दोनशे ऐंशी मीटर."

"लूप आहे का? किती लूप मारायचे?"

"लूप नाही. जाऊन यायचं. मध्ये सव्वा तास झोपायचं."

तिने सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "येताना पळायचे म्हणता ना?"

"कोपऱ्यापासून फाटकापर्यंत."

"आणि जाताना?"

"जाताना सावकाश."

"बघतो," विराट म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच घड्याळ नव्हतं.

वेदांतला पटवणं जास्त अवघड गेलं. "अगं, कोणाला कळणार आहे?" तो म्हणत राहिला. पण हर्षिताने ऐकलं नाही. खोट्या आकड्यावर आलेल्या पैशाच्या खाटेवर कुणी आजारी माणूस झोपवायचा, हे तिला सहन होईना. तिने आवाहनाखाली खरं काय ते लिहिलं, आणि ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांनी कळवावं असंही लिहिलं. वेदांतने हताश होऊन पुन्हा हिशोब केला. रोज सव्वा तास, वर्षाचे तीनशे तीस दिवस, एकतीस वर्षं.

"सलग धरली तर जवळजवळ दीड वर्षं झोप," तो म्हणाला. मग जरा सावरला. "दीड कायम राहिलं, ते एक बरंय. आता मथळा बदलायला फार त्रास नाही."

पैसे परत फक्त एकाने मागितले. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं त्याने लिहिलं. खाली दुकानाचा पत्ता विचारला. पत्ता विचारणारे बाकीचेही खूप निघाले. ती गादी कापसाची की काथ्याची, उशी होती का, कूस कुठली. एका डॉक्टरीणबाईंनी सविस्तर लिहिलं की झोप नीट झाली की साखर उतरू शकते, यात नवल काही नाही.

खरी अडचण आईची होती. आवाहन इंग्रजीत, ते आई वाचत नसे. पण रविवारी दोनशे माणसं घराच्या कोपऱ्यावर जमणार म्हणजे आईला कळणारच. आणि ज्या धावण्याचा आईने एकतीस वर्षं गल्लीभर अभिमान मिरवला ते धावणं नव्हतंच, हे तिला असं रस्त्यावर कळणं हर्षिताला बघवलं नसतं. म्हणून तिने आईला शनिवारीच यशवंतपूरला मावशीकडे पोचवायचं ठरवलं.

"मावशी किती दिवस बोलावतेय तुला," ती म्हणाली. "रविवार राहून ये."

सकवारबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "सरी, जाते," म्हणाल्या आणि पिशवी भरायला उठल्या. एवढ्या चटकन त्या कुठे जायला तयार व्हायच्या नाहीत. पण हर्षिताला त्या दिवशी विचार करायला सवड नव्हती.

रविवारी तीनशेच्या वर लोक आले. टी-शर्टाच्या पाठीवर इंग्रजी एल अक्षरासारखी एक रेघ होती, एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला उशी. विराटने शिट्टी वाजवली आणि सगळे जण शिस्तीत, एकेक पाऊल टाकत, गल्लीकडे निघाले. पुढे कुणी गेलं तर विराट त्याला मागे बोलवायचा. आप्पाजींनी बारा गाद्या अंथरल्या होत्या. पाच मिनिटं प्रत्येकी, असं ठरलं होतं. पण चौघांना खरंच झोप लागली आणि त्यांना उठवायचा धीर कुणाला होईना. राजलक्ष्मीची शेवंती आठच्या आत संपली. गर्दी पांगल्यावर आप्पाजी हर्षिताला म्हणाले, "खाटा घेशील त्यांच्यावर गादी लागेल ना? ती मी देतो. जेवढ्या खाटा तेवढ्या."

शर्यतीच्या दिवशी सकवारबाई आप्पाजींबरोबर रिक्षाने स्टेडियमवर आल्या आणि डबा मांडीवर घेऊन सावलीत बसल्या. खाटांचे पैसे तोवर जमले होते, दहाच्या जागी तेरांचे. धावायचं तेवढं राहिलं होतं. हर्षिता दुपारी बारापर्यंत बरी धावली, दोनपर्यंत कशीबशी. चार वाजता तिच्या उजव्या पोटरीत गोळा आला आणि ती चालायला लागली. शेवटच्या दोन तासांत घरच्या एका माणसाला बरोबर एखादी फेरी चालायची परवानगी होती. सकवारबाईंनी डबा आप्पाजींकडे दिला, पदर खोचला आणि ट्रॅकवर उतरल्या.

निम्मी फेरी झाली. मग हर्षिताच्याने राहवेना. दहा तास पळून माणसाकडे लपवायची ताकद उरत नाही.

"आई, अण्णांबद्दल एक सांगायचंय."

"आप्पाजींकडे झोपायचे ते ना?"

हर्षिता थांबली. "चालत राहा," सकवारबाई म्हणाल्या. "पाय धरतील."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. केसात कापूस यायचा. पळणाऱ्या माणसाच्या केसात कापूस कुठनं येईल? आणि बूट. झिजायचेच नाहीत. मग मीच दरवर्षी म्हणायची, जुने झाले, नवे घ्या. नाहीतर त्यांना वाटलं असतं, ही बुटांचे तळ बघते."

"आणि तरी रोज पाचला उठवायचीस? झोपलेल्या माणसाला उठवून झोपायला पाठवायचीस?"

"साखर उतरली होती ना," सकवारबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ते सोडू नका म्हणून." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि तुला खरं सांगू का, ते गेले की मी कडी लावून परत पडायची. सात वाजेपर्यंत. सासूबाई होत्या, तुम्ही पोरं होता. तेवढाच वेळ माझा होता."

हर्षिता हसायला लागली तसा पोटरीतला गोळा आणखी आवळला. "म्हणजे दोघंही झोपायचात. ते तिकडे, तू इकडे. त्यांना कधी कळलं नाही?"

"त्यांना कसं कळणार? ते यायचे तेव्हा मी उठून, वेणी घालून, कॉफीचं पाणी ठेवलेलं असायचं. एक दिवस चुकलं नाही माझं."

"एकतीस वर्षांत एकदाही नाही? जाग कशी यायची?"

"जाग यायची आपोआप. ते फाटकाशी आले की आधी खोकायचे. दोनदा. मोठ्याने. मग लगेच आत यायचे नाहीत, पाच-सात मिनिटं बाहेरच तुळशीशी काहीतरी करत राहायचे. मला वाटायचं, पळून आल्याचं नाटक करतात, धाप लागल्याचं..."

बोलता बोलता सकवारबाई थबकल्या. मागून येणारा एक धावपटू त्यांना वळसा घालून पुढे गेला.

"आई?"

सकवारबाई समोर बघत होत्या. फेरी संपली होती. पांढऱ्या रेघेपाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवक मुलीने त्यांना हाताने बाहेरचा रस्ता दाखवला आणि नम्रपणे सांगितलं की घरच्यांना एकच फेरी आहे.

"थांब गं जरा, मला विचार करू दे," सकवारबाई तिला मराठीतच म्हणाल्या, आणि हर्षिताला मागे टाकून पुढच्या फेरीला लागल्या.